कोडावरचं टिंब

आमच्या घरात भाकरी कधी धड भाजली जायची नाही. पीठ चांगलं असायचं, मायचा हातही चांगला होता. खोट होती ती चुलीत घालायच्या लाकडात.

आबा गेवराईच्या एका लाकडाच्या वखारीत हमाल होते. बाभूळ, लिंब, सुबाभूळ गाडीतून उतरवायची, रचायची, गिऱ्हाइकाच्या टेम्पोत भरायची. ज्या ओंडक्यावर पांढरे चट्टे आलेत, ज्याला गिऱ्हाईक हात लावत नाही, तो मालक पायानं बाजूला ढकलायचा आणि म्हणायचा, "ने बे घरी." आबा घेऊन यायचे. माणसाच्या अंगावर कोड फुटतं तसे ते चट्टे, म्हणून आमच्या वस्तीत त्याला 'कोडाचं लाकूड' म्हणत. वजनाला हलकं, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगलेलं. चुलीत घातलं की जळायचं नाही, नुसतं धुमसायचं. मायचे डोळे बारा महिने लाल. भाकरी एका अंगानं करपलेली, दुसऱ्या अंगानं कच्ची. धुराचा वास माझ्या दप्तराला, गणवेशाला, केसांना. आमच्या गावच्या, चकलांब्याच्या शाळेत माझ्या बाकावर बसायची वेळ आली की पोरी नाकाला ओढणी लावायच्या.

हे आधी सांगितलं, कारण मला ज्या बाईंबद्दल लिहायचंय त्यांनी आयुष्यभर ह्याच कोडाकडे बघितलं. आणि तेही असं, की तसं कुणी सोन्याकडेही बघत नसेल.

ओव्हाळ मॅडम आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. पोरं मागं त्यांना 'बुरशी मॅडम' म्हणायची. मॅडमना ते माहीत होतं आणि आवडायचंही. बुटक्या, अंगानं भरलेल्या, साडी नेसल्यावर पायात कायम पोरांचे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये कंगवा नसे, पण बोथट चाकू, भिंग आणि वर्तमानपत्राच्या घड्या असत. चालताना मान खाली. रस्त्याच्या कडेला पडलेली फांदी दिसली की थांबायच्या, बुटाच्या टोकानं ती उलटी करायच्या, वाकून बघायच्या आणि "न्हाई, हे वेगळं" म्हणून पुन्हा सुलटी करून पुढं. उलटी केलेली वस्तू सुलटी केल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. "त्याच्या घराचं छप्पर हाय ते," म्हणायच्या. कॉलेजला नवीन लाकडी बाकं आली तेव्हा सगळा स्टाफ त्यांवर बसून फोटो काढत होता आणि मॅडम एका बाकाखाली आडव्या झालेल्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, काही पडलं का?" आतून आवाज आला, "पडलं न्हाई सर, उगवलंय का ते बघायलेय."

दुसरी सवय म्हणजे कुठंही बसण्याआधी त्या बोट फिरवायच्या. खुर्चीवर, टेबलावर, बसच्या सीटवर. बोट फिरवून डोळ्यासमोर धरायच्या. आम्हाला वाटायचं, मॅडमना स्वच्छतेचं लई वेड. तसं नव्हतं. त्या परळीच्या. वडील औष्णिक वीज केंद्रावर कामाला. लहानपणी परळीत त्यांनी प्रत्येक वस्तूवर राखेचा थर बघितलेला. ताटावर थर, पाटीवर थर, तुळशीच्या पानावर थर. "बोट फिरवायचं," त्या सांगायच्या. "राख असली तर पुसून जाते. जे पुसून जात न्हाई, तिथं थांबायचं. तिथं कुणीतरी राहतंय."

त्यांची बुरशी म्हणजे छत्रीवाली नव्हे. तिला ना दांडा, ना टोपी. मेलेल्या लाकडावर, बहुतेक करून खालच्या बाजूनं, चुन्याचा हात मारल्यासारखी पातळ खपली. बघणारा म्हणणार, रंग सांडलाय. तिच्या वंशाचं नाव फॅनेरोकीटी. हे नाव मॅडम असं उच्चारायच्या की जणू माहेरच्या कुणाचं घेतायत. "अर्थ माहीत हाय का? उघड दिसणारे केस. भिंगाखाली बघा, अंगावर बारीक केस उभे दिसतात. आणि हिचं काम ऐका. लाकडात जे काळपट, चिवट असतं, सगळ्याला धरून ठेवणारं, ते खाती आणि पांढरा धागा मागं ठेवती. ही नसती तर जगात मेलेल्या झाडांचे ढीग लागले असते, तुमाला कॉलेजला यायला वाट राहिली नसती."

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते वर्गात, काखेत बाभळीचं ढलपं घेऊन येताना. मागच्या बाकावरून संत्या ओरडला, "मॅडम, स्वयंपाक इथंच करायचा का?"

"कर की. भाकरी थापता येती का तुला?" मॅडम म्हणाल्या. संत्या खाली बसला. त्यांनी ढलपं पहिल्या बाकावर दिलं आणि म्हणाल्या, "पुढं पुढं द्या. आणि तुमच्या गावात ह्याला काय म्हणतात ते सांगा."

कुणी बुरा म्हणालं, कुणी चुना, कुणी म्हणालं काहीच म्हणत न्हाईत. ढलपं माझ्यापर्यंत आलं. नाकाशी धरायचीही गरज नव्हती. तो वास मी अंगावर घेऊन वाढलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, कोड."

वर्ग हसून फुटला. मागून "कोड, कोड" सुरू झालं. मला वाटलं, शाळेतलं सगळं पुन्हा सुरू. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: कोड. हात झटकला. मग खडू उचलून 'ड'च्या डोक्यावर ठाक करून एक टिंब दिलं.

"आता वाच."

"कोडं," मी म्हणाले.

"हां. लोकांनी रोग म्हणून सोडून दिलेलं असतं. आपण फक्त वर टिंब द्यायचं. मग ते सुटायला लागतं." आणि संत्याकडे बघून, "तुझ्या डोक्यावर कधी द्यायचं टिंब?"

त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसायला लागले. धुराचा वास गेला नव्हता. पण मॅडम शेजारून जाताना एकदा हळूच म्हणाल्या, "बाभूळ का लिंब?" मी म्हणाले, "बाभूळ." "वाटलंच," म्हणाल्या आणि पुढं गेल्या. माझ्या वासाला झाडाचं नाव देणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

मॅडमची गंमत बघायची तर त्यांच्याबरोबर एसटीत बसायला हवं. एकदा आम्हाला चकलांब्याच्या अलीकडच्या माळावर फिरवून आणलं. परतीच्या गाडीत मॅडमच्या मांडीवर बटाट्याचं पोतं, पोत्यात अर्धा ओंडका. कंडक्टर आला. आमच्या गाडीवरचा नेहमीचा, तोंडात सुपारी.

"काय हाय पोत्यात?"

"जिवंत हाय," मॅडम म्हणाल्या.

"कोंबडी? कोंबडीला तिकीट लागतंय."

"कोंबडी न्हाई. लाकूड."

"मग जिवंत कशाला म्हणायलाव बाई? लाकूड मेलेलं असतंय. लगेज काढा."

"लाकूड मेलंय. त्याच्यावरचं जिवंत हाय."

कंडक्टरनं पोत्याचं तोंड उघडून आत डोकावलं. मग आमच्याकडे बघितलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे खाली मेलेलं, वर जिवंत. मी तिकीट कशाचं फाडू?"

"ते तुमचं तुमी ठरवा. मी खोटं बोलणार न्हाई."

सगळी गाडी बोलायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "वरच्याचं फाड, खालचं फुकट." एक बाई म्हणाली, "आवं, त्यांना आधी पाणी द्या." शेवटी कंडक्टर हात जोडून पुढं गेला. तेव्हापासून मॅडम त्या गाडीत चढल्या की तो दारातूनच विचारायचा, "मॅडम, आज जिवंत का मेलेलं?"

पण ह्या हसण्याच्या आत एक दुखणं होतं, आणि ते आम्हा चार-दोन पोरींनाच ठाऊक होतं. लई वर्षांमागं मॅडमना एका बाभळीच्या फांदीवर एक खपली सापडलेली. रंग दुधाच्या सायीसारखा. काठाला बारीक पांढऱ्या दोऱ्यांची झालर. त्यांनी तिच्यावर खाराच्या, म्हणजे अल्कलीच्या पाण्याचा थेंब टाकला, आणि काथ-चुना मिळून पान रंगावं तशी ती बघता बघता लाल झाली. वंश तोच, फॅनेरोकीटी. पण पुस्तकात अशी कुणीच नव्हती. मॅडमनी नमुना कॉलेजच्या कपाटात ठेवला. सुट्टीनंतर कपाट उघडलं तर किड्यांनी आत भुसा करून ठेवलेला. पुण्याच्या एका तज्ज्ञांना त्यांनी फोनवर सगळं वर्णन सांगितलं. ते भले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, वेगळी वाटते. पण माझ्या वाटण्यावर बुरशीला नाव देता येत नाही. ताजी आणा, मी स्वतः बसतो."

ती फांदी ज्या झाडाची होती ते झाड रस्ता रुंद करताना गेलं. तेव्हापासून मॅडम प्रत्येक ओंडका उलटा करत होत्या, आणि त्यांच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष होतं. एकदा प्रयोगशाळेत मला म्हणाल्या, "माणूस मेलं तर नावानं रडता येतं. हिला नावच न्हाई. मी गेले की हिला बघितलेलं कुणी राहणार न्हाई."

मी घरी आले आणि अंगणात बसले. आमच्या अंगणात एक बाभळीचा जाडजूड ओंडका होता. वखारीतूनच नाकारून आलेला, फोडायला कठीण म्हणून माय त्याचा बाक करून वापरायची. त्याच्यावर बसून मी सगळा अभ्यास केला होता. सहज बोट फिरवलं. पुसून जाईना. काठाशी वाकून बघितलं. बारीक पांढरे दोरे.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्यांच्या हातातलं काचेचं भांडं त्यांनी सावकाश टेबलावर ठेवलं. "काठाला झालर? नक्की?"

"नक्की मॅडम."

"हात लावू नको. कुणाला लावू देऊ नको. मी रविवारी येते."

मी घरी सांगितलं, "रविवारी आमच्या मॅडम यायल्यात. आपलं अंगणातलं लाकूड बघायला."

एवढंच सांगितलं. आणि शनिवारी मैत्रिणीकडे जर्नल पुरी करायला गेले. हीच चूक.

रविवारी सकाळी आले तर अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि मधोमध तो ओंडका लालभडक! मायनं काथ्या आणि राख घेऊन तो घासघासून काढला होता. वर पोळ्याला बैल रंगवून उरलेला शेजाऱ्यांचा गेरू फासला होता. आणि त्या गेरूवर बोटानं चुन्याचे ठिपके दिले होते, रांगेत, बैलाच्या अंगावर देतात तसे.

"माय! हे काय केलं?"

"कावून? एवढ्या शिकलेल्या बाई लाकूड बघायला यायल्यात, आन् त्या कोडावर बसवू का त्यांना? लई घाण झाल्तं ते. घासून घासून हात दुखाय लागले." मग जरा लाजून, "चांगला दिसतोय की न्हाई?"

मला रडू फुटलं. आबा म्हणाले, "आगं, बाई लाकडाला बघाया येत असत्यात का कुठं? मला वाटलं तुझ्या लग्नाचं काढत्यात." मी आणखीच रडायला लागले. तेवढ्यात वस्तीच्या कमानीतून मॅडम आल्या. कॅनव्हासचे बूट, खांद्याला पर्स, कपाळावर घाम. त्यांनी ओंडका बघितला. माझं तोंड बघितलं. मायच्या हाताला लागलेला गेरू बघितला.

आणि हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्या ओंडक्यापाशी गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा बोट न फिरवता बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, पाणी द्या. माझ्या लग्नातबी मला एवढं सजवलेल्या पाटावर बसवलं नव्हतं."

मायनं पाणी दिलं, चहा दिला. मॅडम कप खाली ठेवून सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "अक्का, खालची बाजू घासली का?"

"खालची? न्हाई बा. पाव्हणं खाली कशाला बघतंय?"

"मी तर खालीच बघते," मॅडम उठल्या. "आबा, हात लावा."

आबा हमाल माणूस. त्यांनी आणि मॅडमनी मिळून ओंडका उलटा केला. मीही लावला हात. खालून तो तसाच होता. टोकापासून टोकापर्यंत सायीची चादर, आणि काठाला झालर. मी श्वास सोडला. पण मॅडम तिथं बघतच नव्हत्या. त्या एका कडेला गुडघ्यावर बसल्या होत्या, जिथं मायच्या ठिपक्यातला चुना ओघळून खाली आला होता. चुना जिथं लागला होता तिथं ती साय लाल झाली होती. रंगल्या पानासारखी लाल.

माय घाबरली. "बाई, देवाशपथ, मी थुकले न्हाई हां तिथं! पान खाते मी, पण अंगणात थुकत न्हाई!"

मॅडमनी मायचे गेरूचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "अक्का, चुना आन् खार एकाच जातीचे. जी परीक्षा मला प्रयोगशाळेत करायची होती, ती तुमी ठिपके देताना करून बसलाव. हीच हाय ती. हीच!"

"कोण ही?" आबा मला हळूच म्हणाले. "पाव्हणी आणखी कोण आलीय का?"

"होय आबा," मी म्हणाले. "लई दिवसांची हरवलेली."

मॅडमनी बोथट चाकूनं तुकडे काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले. ओंडका पुन्हा सुलटा केला. आठवणीनं. जाताना माय त्यांच्या मागं कमानीपर्यंत गेली. "बाई, मी घासलं त्याचं नुकसान झालं का?"

"तुमी वरचं घासलं म्हणून मी खालचं बघितलं," मॅडम म्हणाल्या.

तुकडे पुण्याला गेले. ते गृहस्थ शब्दाला जागले, स्वतः बसले. तपासण्या झाल्या, परदेशातल्या नमुन्यांशी ताडून झालं. उशीर लागत होता आणि निवृत्तीचा दिवस जवळ येत होता. मॅडम वर्गात शिकवताना फोन टेबलावर पालथा ठेवायच्या. एक दिवस तो थरथरला. त्यांनी उचलला, ऐकला, "हो" म्हणाल्या, "हो, हो" म्हणाल्या, आणि ठेवला. मग फळ्यापाशी गेल्या आणि काही न लिहिता फळ्यावर फक्त एक टिंब दिलं. कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग संत्यानं वाजवल्या, कशासाठी ते न विचारता. मग सगळ्या वर्गानं.

नाव काय द्यायचं हे विचारायला त्या पुन्हा आमच्या घरी आल्या. मायला म्हणाल्या, "अक्का, तुमचं नाव देते. तुमचा हक्क हाय."

माय तोंडाला पदर लावून हसली. "माझं नाव बुरशीला? न्हाई बाई, लोक काय म्हणतील." मग जरा थांबली. बाहेर आमच्या वस्तीची कमान, कमानीच्या पलीकडं रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडं गाव. तिकडं बघत म्हणाली, "गावाचं द्या. आमी बी गावातच मोडतो."

मॅडमनी मान हलवली. आबांनी चुलीत लाकूड सारलं.

निरोपाच्या दिवशी कॉलेजनं मॅडमना शाल दिली, नारळ दिला, कोरीव लाकडी खुर्चीवर बसवलं. भाषणं चालू असताना मॅडमचा एक हात खुर्चीच्या खालून फिरत होता, हे मी बघितलं. संध्याकाळी मी त्यांना गेवराईच्या स्टँडवर सोडायला गेले. त्या परळीच्या गाडीत बसल्या. शाल पर्समध्ये कोंबलेली, पायात तेच बूट, आणि मांडीवर तेच बटाट्याचं पोतं. आत आमच्या ओंडक्याचा एक तुकडा, गेरूसकट, एका ठिपक्यासकट.

चहाच्या टपरीवर आमच्या गाडीचा कंडक्टर उभा होता. मॅडमना खिडकीत बघून त्यानं तिथूनच आरोळी दिली, "मॅडम, आज जिवंत का मेलेलं?"

मॅडमनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. पोतं वर उचलून दाखवलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज नावाचं हाय!"

गाडी सुटली. वळणापर्यंत ते पोतं खिडकीत वर धरलेलं दिसत होतं.

चकलांब्याच्या बौद्ध वस्तीतल्या अंगणात सापडलेली बुरशी आता शास्त्रात 'फॅनेरोकीटी चकलांबेन्सिस' ह्या नावानं नोंदलेली आहे. चकलांबेन्सिस म्हणजे चकलांब्याची. तिच्यावर एम.एस्सी. करणारी पहिली विद्यार्थिनी मी आहे.